चौदा जणांचा कोपरा

एल्गॉट, आयोवा
३ डिसेंबर

प्रिय ओरिन,

धाकट्या बहिणीचा स. न. वि. वि. त्यातला नमस्कार सप्रेम आहेच. विनंती तेवढी पत्राच्या शेवटी येईल आणि ती तुला आवडणार नाही.

थँक्सगिव्हिंगला माझं बोलणं अर्ध्यावर तोडून तू फोन ठेवलास, त्याचा राग आता गेला. लुएलावहिनीनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की तू दिवसभर तोंड पाडून बसला होतास. तेव्हा यापुढे राजकारण पत्रातूनच. पत्रात निदान समोरच्याचं वाक्य पुरं होतं. आणि हो, पाकिटावर तू पुन्हा 'मिसेस लाईल टॉलेफसन' लिहिलंस. लाईलला जाऊन दोन वर्षं झाली. तुझं पत्र देताना पोस्टमन अजून टोपी काढतो.

मंगळवारी सिनेटर बेकविथ माझ्या स्वयंपाकघरात येऊन गेले. हसू नकोस, तुमच्या न्यू हॅम्पशायरात तर अध्यक्षपदाचे उमेदवार दुकानाच्या पायरीवरचा बर्फसुद्धा झाडून देतात. माणूस दिसायला अगदी साधा, अंगातला कोट दोन मापं मोठा, आणि बोलणं इतकं हळू की फ्रिज बंद करावा की काय असं मला वाटलं. काउंटीच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला, त्याबद्दल त्यांनी विचारलं. मी सवयीनं सुरुवात केली की लाईल असं म्हणायचा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले की यजमानांचं कळलं, आता तुमचं सांगा.

ओरिन, सहासष्ट वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि उत्तर माझ्याजवळ तयार होतं याचंच मला नवल वाटलं.

तर पक्षाचा उमेदवार निवडायच्या आमच्या कॉकसमध्ये त्यांच्या कोपऱ्याची प्रमुख व्हायचं मी कबूल केलं आहे. आठ फेब्रुवारीला शाळेच्या जिममध्ये, अख्ख्या गावासमोर, एक मिनिट बोलायचं आहे. विनंती अशी की गव्हर्नर स्ट्राउडच्या बाजूनं तुला जे म्हणायचं ते सगळं लिहून पाठव. गावातली निम्मी माणसं तेच म्हणणार आहेत, मला आधी कळलेलं बरं.

लोभ आहेच. तो या निवडणुकीतून धडधाकट बाहेर पडावा, एवढंच मागणं.

तुझी,
व्हर्ना

---

टिल्बरी, न्यू हॅम्पशायर
१२ डिसेंबर

चि. व्हर्ना हिस,

अ. उ. आ. आशीर्वाद तुला आहेत, तुझ्या उमेदवाराला नाहीत.

तू आणि भाषण? चर्चमधल्या नाताळच्या नाटकात तुला एकच ओळ होती, तीही तू मेंढराच्या कानात सांगितलीस. पण मागितलंस तर घे. स्ट्राउडनं दोनदा राज्य चालवून दाखवलं आहे. पूर आला तेव्हा तीन दिवस गमबूट घालून पाण्यात उभा होता. तो बोलायला लागला की मागच्या रांगेतला माणूससुद्धा ताठ बसतो. तुझा बेकविथ स्वतःच्या टायशी बोलतो. कायदे त्यानं चांगले केले असतील, पण ते केले हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत आहे? नोव्हेंबरात समोरचा पक्ष काही ससा उभा करणार नाही, व्हर्ने. तिथं आवाज लागतो.

आणि तुमची ती कॉकस मला जन्मात पटली नाही. आम्ही पडद्याआड जातो, कागदावर खूण करतो आणि घरी येऊन जेवतो. तुम्ही गावासमोर जिमच्या कोपऱ्यात उभे राहणार आणि कोणीतरी गुरांसारखी तुमची डोकी मोजणार. शंभरात पंधरा जमले नाहीत तर तुझा कोपरा मोडणार. मग सगळ्यांच्या देखत चालत तुला स्ट्राउडच्या कोपऱ्यात यावं लागेल. तीस वर्षं ओळखणाऱ्या माणसांसमोर तेवढं चालणं तुला झेपेल का, याची मला काळजी वाटते. लाईल असता तर स्ट्राउडकडेच उभा राहिला असता, आणि तू नेहमीसारखी त्याच्या मागे.

लुएला तुला मफलर विणते आहे. रंग कुठला ते सांगत नाही.

रागावलीस तरी पत्र धाड. तुझ्या लोभावर माझा जुना हक्क आहे.

ओरिन

---

एल्गॉट
९ जानेवारी

प्रिय ओरिन,

स. न. वि. वि. सप्रेम लिहिताना या वेळी पेन जरा अडलं.

मी लाईलच्या मागे त्या जिममध्ये एकदाही उभी नव्हते. दर चार वर्षांनी तो जिममध्ये असायचा आणि मी शटरच्या पलीकडे, शाळेच्या स्वयंपाकघरात, शंभर माणसांची कॉफी आणि ॲपल पाय करत. भाषणं सुरू झाली की भांड्यांचा आवाज नको म्हणून शटर खाली ओढायचं, अशी आमची रीत आहे. घरी येताना गाडीत तो मला सांगायचा की आपण कोणाला निवडलं. लाईल भला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही. मला ते तेव्हा खटकलंही नाही, आणि आता तेच मला खटकतं.

स्ट्राउड परवा आमच्या टाउन हॉलमध्ये येऊन गेला. तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. उंच आहे, आवाज घुमतो, पुराची गोष्ट ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन कोट काढताना आठवून बघितलं तर तो आमच्याबद्दल काय बोलला ते एकही वाक्य आठवेना. बेकविथ कंटाळवाणे आहेत, टीव्हीवर घाम पुसतात, हेही मला दिसतं. पण बाळंतपणाचा विभाग बंद झाल्यापासून शेजारच्या दोन मुली चाळीस मैलांच्या रस्त्यावर गाडीत बाळंत झाल्या, हे त्यांनी मला विचारून लिहून घेतलं, आणि महिन्याभरानं सिनेटमध्ये गावाचं नाव घेऊन सांगितलं.

माझ्या बाजूनं आजपर्यंत चौदा जण झाले आहेत. त्यातले चार माझी कीव करून आले असावेत. सभेचा अध्यक्ष आर्व्हिड, तो पशुखाद्याच्या दुकानाचा, काल मला बाजूला घेऊन म्हणाला की लाईलच्या जुन्या माणसांत उभी राहिलीस तर तुला सोबत होईल. मायेनं म्हणाला, म्हणून जास्त लागलं. रात्री घरी ते एक मिनिटाचं भाषण पाठ करते आणि तिसऱ्या वाक्याला अडले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कोपरा मोडला तर ते चालणं मला झेपणार नाही, तू बरोबर ओळखलंस. म्हणूनच तो मोडता कामा नये.

लोभ थोडा शिल्लक ठेव, फेब्रुवारीत लागेल.

व्हर्ना

---

टिल्बरी
२० जानेवारी

चि. व्हर्ना,

अ. उ. आ. या वेळी बिनशर्त.

मागच्या पत्रातलं लाईलबद्दलचं वाक्य मी लिहायला नको होतं. तुझं पत्र लुएलानं वाचलं, घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि तिथंच ते मला पुन्हा वाचायला लावलं.

आता एक कबुली देतो, ती भाषणात वापरलीस तरी चालेल. स्ट्राउड गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात आला होता. मी म्हणालो की आमची कागदाची गिरणी, आणि पुढे विचारणार तोच त्यानं माझा हात धरून सांगितलं की ती गिरणी तो बंद पडू देणार नाही. टाळ्या झाल्या. मला विचारायचं होतं की गिरणीचं घाण पाणी नदीत सोडणं बंद कधी होणार. माणूस कर्तबगार आहे, माझं मत त्यालाच आहे. पण तो प्रश्न अर्धाच ऐकतो, हे तुझ्यापासून लपवलं तर मी भाऊ कसला.

तुझा कोपरा टिकला तर बेकविथ इथं येईल तेव्हा मी थंडीत उभा राहून त्याला पुरा प्रश्न विचारीन. नाही टिकला तरी तू माझी बहीण आहेसच.

मेंढराकडे बघू नकोस. समोर बघ.

ओरिन

---

एल्गॉट
९ फेब्रुवारी

प्रिय ओरिन,

स. न. वि. वि. आणि बस खाली, कारण मी तर सकाळपासून बसलेलीच नाही.

काल नोंदवहीत एकशे अठरा सह्या झाल्या. म्हणजे कोपरा टिकायला अठरा माणसं हवीत. सगळे आपापल्या जागी गेले. स्ट्राउडकडे एकसष्ट, अजून ठरलं नाही म्हणणाऱ्यांच्या कोपऱ्यात अडतीस, आणि बास्केटबॉलच्या जाळीखाली आम्ही चौदा. लुएलाचा मफलर गळ्यात होता. लाल, भडक, साऱ्या जिमला दिसेल असा. समोरच्या कोपऱ्यातून लाईलचे मित्र माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की पळून जावंसं वाटलं.

आणि आर्व्हिडची बेरीज जमेना. एकशे तेराच भरत होते. त्यानं पुन्हा मोजलं, मग बाकांखाली वाकून मोजलं, मग चिडून म्हणाला की पाच माणसं सही करून मोजणीआधीच घरी गेली असणार. सगळे हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात मला कॉफीचा वास आला.

मी सरळ जिमच्या मधून चालत गेले. लोकांना वाटलं मी हार मानली, स्ट्राउडच्या माणसांनी तर मला जागाही करून दिली. त्यांच्यासमोरून पुढे जाऊन मी स्वयंपाकघराचं शटर वर ढकललं. आत पाच बायका, मॅव्हिस सगळ्यांत पुढे, हातात सुऱ्या आणि ॲपल पायची ताटं. पाचहीजणींनी दारात सही केली होती आणि नेहमीसारख्या आत गेल्या होत्या. तीस वर्षांत त्यांना मोजायला कोणी आलं नव्हतं. मलाही कोणी मोजलं नव्हतं. ही चूक तीस वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही, कारण दर वेळी आर्व्हिड म्हणायचा की पाचसहा घरी गेले.

मॅव्हिस म्हणाली की तिला बाहेर यायला हरकत नाही, पण कॉफीकडे कोण बघेल. मी कॉफीच्या पिंपाचं बटण बंद केलं. मग तिथंच, शटरखाली उभी राहून माझं भाषण केलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले की स्ट्राउड चांगला माणूस आहे, माझा भाऊ त्यालाच मत देणार आहे आणि माझा भाऊ मूर्ख नाही. मग तुझी गिरणीची हकीकत सांगितली. मग सांगितलं की बेकविथ यांनी मला काय विचारलं, आणि आता मी तेच या पाचजणींना विचारते. यजमानांचं कळलं. तुमचं सांगा.

पहिली अल्मा निघाली. सुरी हातात घेऊनच ती स्ट्राउडच्या कोपऱ्यात गेली. तिचा नवरा खूश झाला, तर ती त्याला म्हणाली की त्याच्यासाठी नाही, तिला तो गव्हर्नरच पटतो. बाकीच्या चौघी ॲप्रनला हात पुसत माझ्या कोपऱ्यात आल्या. मॅव्हिस सगळ्यांत शेवटी. आर्व्हिडनं तिच्या डोक्यावर बोट ठेवून अठरा म्हटलं, आणि ओरिन, मी ओरडले. मी, जी मेंढराच्या कानात बोलायची.

आमच्या कोपऱ्याला एक प्रतिनिधी मिळाला, आणि ती मी आहे. काउंटीच्या सभेला जाणार. आर्व्हिडनं अर्जावर सवयीनं 'मिसेस लाईल' लिहिलं. मी त्याला ते खोडायला लावलं, आणि त्यानं माझं नाव नीट, मोठ्या अक्षरात लिहिलं. राज्यात बेकविथ तिसरे आले. मला तर आम्ही पहिले आलो असंच वाटतं आहे. कॉफी मात्र कोणालाच मिळाली नाही.

आता थंडीत उभा राहा. लोभ दुप्पट करून पाठवावा, इथं जागा झाली आहे.

तुझी,
व्हर्ना

---

टिल्बरी
१७ फेब्रुवारी

प्रिय व्हर्ना,

अ. उ. आ., आणि या खेपेला माझाही एक नमस्कार घे.

बोलल्याप्रमाणे थंडीत उभा राहिलो. बेकविथनं माझा पुरा प्रश्न ऐकला, नदीचं नाव विचारून लिहून घेतलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं की उत्तर त्याला अजून माहीत नाही. माणूस कंटाळवाणाच आहे. काल पडद्याआड मी थोडा वेळ जास्तच उभा राहिलो, पण खूण स्ट्राउडपुढेच केली. तुला खोटं सांगणार नाही.

स्ट्राउड जिंकला, तुझा बेकविथ दुसरा आला. घरी परतताना मी गाडीत लुएलाला सांगायला लागलो की आपण योग्य माणूस निवडला, आणि तुझं पत्र आठवून मध्येच थांबलो. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं की तिनं कोणाला मत दिलं. ती इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. म्हणाली की चव्वेचाळीस वर्षं ती माझं मत पुसत आली आहे. मी ज्याला देतो त्याच्या विरुद्ध ती देते, दर वेळी, आणि पडद्याआड असल्यामुळे मला कधी कळलं नाही. काल बेकविथला मिळालेल्या मतांत एक आमच्या घरचं होतं.

मग मी गाडी सुरू केली आणि घर येईपर्यंत ती बोलत होती. मी एकदाही मध्ये तोडलं नाही. पुष्कळ गोष्टी तिच्या बरोबर होत्या, व्हर्ने, आणि त्या मला आज कळाव्यात याची लाज वाटली. पण त्याहून जास्त मजा आली.

तू त्या शटरखाली उभी राहिलीस याचा मला किती अभिमान वाटतो ते तोंडानं सांगता आलं नसतं, म्हणून पत्र बरं. इथं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट सांगतो, स्ट्राउडच्या माणसांनासुद्धा.

लोभ दुप्पट पाठवला आहे. पाकीट फेकू नकोस, त्यावरचा पत्ता या वेळी मी दोनदा लिहिला. पहिल्यांदा सवयीनं चुकलो, ते पाकीट फाडलं आणि नवं घेतलं. त्यावर 'व्हर्ना टॉलेफसन' एवढंच आहे. पोस्टमननं या वेळीही टोपी काढली, तर ती तुझ्यासाठी.

तुझा,
ओरिन