मी सुटले

सिडको, नाशिक
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

ती. लंकाताईस,

धाकट्या उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इकडे बरे आहोत, तुम्ही नामपूरला बरे असाल असं धरून चालते. दाजींचा खोकला गेला का? थंडी आता ओसरायला लागली आहे, पण पहाटे अजून पाण्याला हात लाववत नाही.

पत्र बघून तू म्हणशील, फोन असताना हिला काय हे सुचलं. गेल्या आठवड्यात तू फोनवर एवढी भडकलीस आणि मी नुसतं ‘हो, हो, बघते’ म्हणून ठेवून दिला. काय करणार? इकडे हे समोर बसले होते. तिकडे सुवर्णा तुझा फोन स्पीकरवर टाकून स्वतः पोळ्या लाटत असते, आणि तुझ्या ओसरीवर कायम चार बायका बसलेल्या. तुझी सून गुणाची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण काही गोष्टी चार बायकांसमोर बोलायच्या नसतात.

गुडघ्यांचं तेच चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, मांडी घालून बसू नका, उकिडवं बसू नका, जिने चढू नका. मी म्हटलं, मग भिंतीला टेकवून ठेवा मला. हसले बिचारे आणि गोळ्या लिहून दिल्या. सासूबाई ठणठणीत आहेत. भिंत धरून चालतात, पण आवाज अजून पहिल्यासारखाच खणखणीत. धाकट्या अमोलला पिंपळगावच्या मित्राने द्राक्षं दिली होती, गोड होती. तुला पाठवायची होती, पण नामपूरकडे जाणारं कुणी भेटलं नाही.

आता तू म्हणशील, मूळ मुद्द्यावर ये.

येते. तू विचारलंस, ‘निकिताच्या बापाला तोंड दाखवायला मला जागा ठेवली नाहीस. आतमध्ये त्या पोरीच्या कानात तू काय सांगितलंस?’ ताई, कानात काही सांगितलं नाही. पण सगळं नीट सांगायचं तर त्या रविवारपासून सांगावं लागेल.

चांदवडहून ते लोक, तू योगेशसाठी सुचवलेलं स्थळ, मुलीला घेऊन अकराला निघणार होते, म्हणजे साडेबाराशिवाय येत नाहीत, असा माझा हिशेब. मी पोह्यांचे कांदे चिरून ठेवले, ठेवणीतली साडी नेसले. तेवढ्यात निकिताच्या वडिलांचा फोन, आडगाव ओलांडलं म्हणून. आणि त्याच वेळेला आमचे अमोलराव मोबाईल घेऊन संडासातून बाहेर आले. मी आत डोकावले. काय सांगू तुला. घरात माणसं पाच, संडास एक, आणि त्यातले तिघं असे की आपण गेल्यावर मागे काय राहतं ते वळून बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पदर खोचला आणि बसले. तू लग्नाआधी शिकवलं होतंस तस्संच अजून करते. आधी बादलीभर पाणी जोरात मारायचं, मग अॅसिड कडेकडेने फिरवून सोडून द्यायचं. ते आपलं काम करतंय तोवर आपण नळ, टमरेल, कडी, टाइलांच्या फटी उरकायच्या. पाय ठेवायच्या पायऱ्यांच्या मागची पिवळी रेघ घासणीने काढायची, तिथे कुणाची नजर जात नाही पण वास तिथेच धरतो. ब्रश सगळ्यात शेवटी, पार आतल्या वळणापर्यंत. मग उंचावरून पाणी, आणि फडक्याने कोरडं. वेळही वाचतो आणि हातही. मात्र त्या दिवशी घाईत खिडकी उघडायची राहिली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. सगळं झालं तेव्हा आरसा झाला होता नुसता. उठताना मात्र नळाला धरून उठले.

आणि आता आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. संडास घासला की अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी घालून दिली, ती आजतागायत. म्हणजे ताई, मी रोज दोन अंघोळी करते. पहिली देवासाठी, दुसरी त्या संडासापायी. पाहुणे दारात उतरले आणि मी न्हाणीत. सासूबाई बाहेरून ओरडल्या, ‘तिला येऊ नका देऊ रे चुलीकडं, योगेश, तूच फोडणी घाल.’ फोडणी मी सांगितली दाराआडून, घातली त्याने. ताटल्या त्यानेच बाहेर नेल्या.

तिथेच सगळा घोळ झाला. निकिताचे वडील एकदम खूष. मला न्हाणीत ऐकू येत होतं, ‘वा! पोरगा कामाचा हाय. आमच्याकडं आमचं पोरगं पाण्याचा तांब्या उचलत नाय.’ आणि आमचे हे, वाल्मीकराव, काय म्हणाले असतील? ‘आमच्या घरात सगळे सगळी कामं करतात.’ ताई, मी डोक्यावर पाणी घेत होते, तांब्या हातातून सुटायचा राहिला.

मी ओल्या केसांनी बाहेर आले आणि नेमकी निकिता समोर उभी. तिला संडासला जायचं होतं. पोरगी उंच, सावळी, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. औषधांच्या दुकानात उभी राहते ना दिवसभर, भीड चेपली असेल. जाऊन आली. हात धुता धुता म्हणाली, ‘काकू, आतलं किती स्वच्छ हाय! बाई लावली का?’

मी म्हटलं, ‘धुण्याभांड्याची बाई आहे, पण ती संडासाला हात लावत नाही.’

‘मग तुम्ही आत्ता अंघोळ केली ते...’

मी रीत सांगितली. घासला की अंघोळ, मग चूल. तिने ऐकून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, ‘मग योगेश घासतात तेव्हा त्यांनाबी करावी लागती का?’

ताई, मला हसू आलं. खोटं बोलायचं मनात होतं, शप्पथ. तोंडात शब्द तयार होता. पण आधी हसूच फुटलं, आणि ते थांबेना. ती बघत राहिली. मग मी म्हटलं, ‘अगं, त्याने कधी घासला नाही. कुणीच नाही घासला. मीच घासते.’

‘आणि मी आल्यावर?’

‘तू आलीस की तू.’

‘आणि तुम्ही?’

‘मी सुटले.’

झालं एवढंच. तू म्हणतेस तसं मी तिला घाबरवलं नाही, नको येऊस असंही म्हटलं नाही. उलट ताई, मी ते खुशीत म्हणाले. मला वाटतं तिने तीच खुशी बघितली माझ्या तोंडावर. मला सून का हवी आहे, ते मला स्वतःलासुद्धा तेव्हाच कळलं. योगेश बत्तीस वर्षांचा झाला, त्याचा संसार बघायचा, नातवंडं खेळवायची, हे सगळं मी देवापुढे बोलत होते. आणि पोटात होतं ते हे. एक धडधाकट गुडघ्यांची पोरगी यावी आणि माझ्या जागी बसावी.

लाज वाटली मला. आणि त्याहून जास्त रडू आलं ते याचं, की इतक्या वर्षांत हे कोण घासतं, असं मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. तूसुद्धा नाही कधी विचारलंस.

पुढचं तुला माहीत आहे. निकिताने योगेशला फोन करून सांगितलं, तुम्ही मला पसंत आहात, पण तुमच्या घरचा संडास आधी तुम्ही घासायला लागा. मी एक दिवस न सांगता येईन, बघेन, मग हो म्हणेन. तो हसला. हे म्हणाले, ‘पोरगी लय शहाणी दिसती.’ सासूबाईंनी तर कपाळावर हात मारला, ‘आगं बया! पुरुषाच्या जातीला?’ आणि तू फोनवर म्हणालीस, ‘उज्वले, डोक्याचा वापर कर. तू घासून ठेव, नाव त्याचं सांग. पोरीला काय दिसणार आहे? एकदा अक्षता पडू दे.’

ताई, खोटं कशाला सांगू, मी ते ऐकलं होतं. तुझा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन आत गेले. त्याच्या आधी योगेशही येऊन हळूच म्हणालाच होता, ‘आई, तू घासून ठेव ना, मी तिला फोटो पाठवतो.’ पाणी मारलं. अॅसिड ओतायला वाकले. आणि वाकलेलीच राहिले. मनात आलं, आजवर घासला तो माझ्या नावाने घासला. आज मी त्याच्या नावाने घासते आहे, ते कशासाठी, तर उद्या त्या पोरीला फसवून इथे आणून बसवायला. तिने तर मला तोंडावर विचारलं होतं गं. बाटलीचं झाकण लावलं, बाहेर आले आणि खाटेवर जाऊन आडवी झाले.

तेव्हापासून मी हात लावलेला नाही.

घरात आता काय आहे ते तू विचारू नकोस. हे रोज सकाळी मला सांगतात, ‘वास येतोय हं,’ जसं काही पेपरातली बातमी वाचून दाखवतात. अमोल चौकातल्या सार्वजनिक संडासात जातो, पण ब्रश उचलत नाही. सासूबाई बोलायच्या बंद झाल्या आहेत. त्यांचीच मला काळजी वाटते, शेवाळलं आणि पाय घसरला तर पाप माझ्या माथी. म्हणून त्यांच्या पायाखालचं तेवढं पाण्याने धुते आणि बाहेर येते. बाकीचं बघत नाही. न बघणं हे घासण्यापेक्षा जड आहे ताई. माझेच हात शिवशिवतात. रात्री झोप लागत नाही, सारखं वाटतं की ती पोरगी उद्या दारात उभी राहील, आत जाईल आणि नाक धरून परत फिरेल. मग चांदवडभर होईल, त्यांच्या घरात असली घाण आहे म्हणून. मग कोण देईल याला मुलगी? आधीच कंपनीतल्या पगाराला कुणी विचारत नाही.

मी खूप दमले आहे ताई. हे गुडघ्यांचं नाही. ते डॉक्टरला सांगता येतं.

आज योगेशला सुट्टी आहे. चहा घेताना मी त्याला सरळ सांगितलं, ‘मी घासणार नाही. तुझ्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही.’ म्हणाला, ‘मग जमलेलं मोडेल, आई.’ मी म्हटलं, ‘मोडू दे.’ तोंडातून निघून गेलं खरं, पण नंतर देवघरापाशी जाऊन बसले. आईच्या तोंडी असला शब्द यावा का? तूच सांग. तुला दोन्ही लेकी उजवून सून आणल्याचं समाधान आहे, मला ते नको आहे असं थोडंच आहे?

म्हणून तुझ्यापाशी एक मागते. निकिताच्या वडिलांना माझ्या वतीने काही सारवासारव करू नकोस. उज्वला भोळी आहे, बोलून गेली, असं तर मुळीच सांगू नकोस. मी बोलले ते खरं आहे, असं सांग. आणि त्या पोरीला निरोप दे, की तुला यायचं तेव्हा ये, आहे ते बघ, आणि जे वाटेल ते कर. काकू रागावणार नाही. तुला राग येईल माझा, जमवून दिलेलं स्थळ मी घालवते म्हणून. ये तर ये, भांड माझ्याशी. पण त्याच्या नावाने घास असं पुन्हा सांगू नकोस.

पत्र इथे संपवणार होते. पण आत्ता योगेश उठला आणि संडासाच्या दारात जाऊन उभा राहिला आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आहे, नाकाला अमोलचा रुमाल बांधला आहे. मला वाटलं, नेहमीसारखाच जातोय. पण त्याने दिवा लावला, आत बघितलं, आणि तिथूनच मला हाक मारली, ‘आई, ब्रश कुठे असतो गं?’

ब्रश आतच आहे ताई. दाराच्या मागे, खिळ्याला. दार लावून बसलं की समोरच दिसतो. जन्मापासून तो रोज सकाळी त्याच्याकडे तोंड करून बसतो आहे.

मी उठलेली नाही. इथेच बसून लिहिते आहे.

तुझी,
उज्वला