नागपूरचा पत्ता

आमगाव,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. निशास,

अनेक आशीर्वाद. इतकी वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. दर दिवाळीला फोनवर दिव्यांची चित्रं पाठवत होतो, ती मी पत्रात धरत नाही. तूही धरली नसशील, कारण त्यांवर कधी उत्तर आलं नाही.

आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा, राखीचा, गुडघा थंडी पडली की दुखतो. राहुल बारावीला आहे. माझ्याच गणिताच्या वर्गात बसतो आणि घरी आल्यावर जेवायला वाढताना मला 'सर' म्हणून चिडवतो. गावाकडे ऐन कापणीत पाऊस आला, कापून पसरलेल्या धानाच्या कडपा शेताच्या बांध्यांतच भिजल्या. गेल्या मंगळवारी गावची दिवाळीनंतरची मंडई झाली, जत्रेला दुकानं आली, रात्री दंडारीचा खेळ झाला. मंडईला सगळ्या घरच्या लेकी येतात, म्हणून तू नाहीस हे त्याच दिवशी जास्त दिसतं. तिघांनी विचारलं. मी म्हटलं, दुर्गला शाळा आहे तिची, सुट्टी मिळाली नाही. दर वर्षी हेच म्हणतो.

या वेळी मंडईच्या आधी मी गावात वही घेऊन फिरलो. लोक चिडले. का फिरलो, ते सांगतो.

ऑगस्टमध्ये नागपूरच्या एका संस्थेचं पत्र आमच्या कॉलेजला आलं. आपल्या जिल्ह्यात कॅन्सर कुठे जास्त, कुठे कमी, याची पाहणी ते करत होते. दवाखान्यांतल्या नोंदींवरून गेल्या बारा वर्षांचे रोगी काढायचे, कागदावरच्या पत्त्याप्रमाणे त्यांना गावागावांत वाटायचं आणि लाखामागे किती ते पाहायचं. हिशोब तपासायला गणिताचा माणूस हवा होता, तो मी. माझ्यासमोर दोन रकाने आले. एक आमगावच्या आसपासच्या गावांचा, दुसरा इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या आपल्या गावांचा. इकडे जेवढे रोगी, त्याच्या चौथाईसुद्धा आपल्याकडे नव्हते. आपल्या गावाचे तर बारा वर्षांत फक्त दोन.

स्टाफरूममध्ये हेमेंद्र सरांनी कागद पाहिला. ते रसायनशास्त्र शिकवतात, तोंडात खर्रा ठेवून व्यसनमुक्तीवर भाषण देतात. म्हणाले, "भूपेंद्रभाऊ, तुम्हारे तरफ का पानी बाटली में भरके बेचो यार! नोकरी काहे को करते?" सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगतो, थोडा फुशारलोही.

संशय पहिल्यांदा आला तो आमगावचाच. इथे काय आहे, गिरणीचा धूर, औषधांची फवारणी, की खर्रा? मग लक्षात आलं की खर्रा तर आपल्याकडेही तेवढाच खातात, आणि फवारणी तिकडे जास्त होते. इथे एक दातांचा डॉक्टर आहे, तो तोंड उघडायला लावून पाहतो. आपल्याकडे पाहणारा कोणी नाही. शिवाय गाव लहान असलं की चार माणसांनी आकडा कुठल्या कुठे जातो. हे सगळं मी वर्गात शिकवतो. तरी लहान आकडा पाहून मी महिनाभर खूश होतो. मोठा आकडा दिसला की माणूस कारण शोधत सुटतो, लहान आकड्याला कोणी काही विचारत नाही.

सप्टेंबरात विचारायला लागलो. सरळ माझा संशय रुख्मावर गेला. रुख्मा आठवते ना, आपल्या गावची आशाताई? घरोघर फिरून बाळंतीण, ताप, लसी यांची नोंद तीच ठेवते. मला वाटलं, हिनेच आळस केला, किंवा गावाचं नाव खराब होऊ नये म्हणून लपवलं. उपकेंद्रावर बैठक होती. डॉक्टर होते, सरपंच होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दोन हा आकडा मला पटत नाही. नोंद ठेवणाऱ्यांनी हात राखून नोंदी केल्यात." ती वहीवर डोळे ठेवून बसली. मला वाटलं, सापडली.

मग मी स्वतःच दारोदार गेलो. पहिलं दार गोपीचंदभाऊंचं. त्यांची बायको पाच-सहा वर्षांपूर्वी गेली. त्यांनी मला खाटेवर बस म्हटलं नाही.

"सर, तुमी शाळेत पोरायची हजेरी घेता ते ठीक. आता मेल्यायची घेऊन राहिले का?"

मी म्हटलं, "भाऊ, वहिनीला काय झालं होतं, एवढंच विचारतो."

"गाठ होती."

"कशाची गाठ?"

"गाठ म्हंजे गाठ! धानाच्या पोत्याची नोहोय."

शेजारून गुड्डू ओरडला, "काका, सांगू नोका, सर कंपनीचे मानूस होत! आपलं रक्त तपासतीन!" त्यावर बायका हसल्या. मीही तिथेच बसून राहिलो, चिवटपणाने. शेवटी गोपीचंदभाऊंनी आतून पिशवी आणली. सगळे कागद होते. रोगाचं नाव इंग्रजीत स्वच्छ टाइप केलेलं, आणि पत्ता नागपूरचा, त्यांच्या साळ्याच्या घरचा.

मी विचारलं, "पत्ता काऊन असा दिला?"

ते म्हणाले, "तं काय गावचा देऊ? दवाखान्याचं पाकीट येते, त्याच्यावर मोठा शिक्का. केवलराम पोस्टमन चौकातून आरडते, 'गोपीभाऊ, तुमचा कॅन्सर दवाखान्याचा कागद आला!' मानूस बेकार नाही तो, पन तोंडाले झाकण नाही. लावरीच्या रामाजीकडं असंच झालं. दोन साल पोरीले पाहाले पावना नाही आला. तवापासून गावातून जो दवाखान्यात जाते तो नागपूरचा पत्ता देते. तुमाले नाही माहीत?" आणि माझ्याकडे पाहत राहिले.

निशा, अशी अकरा घरं निघाली. मी वहीत अकरा लिहिलं, मग खोडून नऊ केलं, कारण दोन ठिकाणी कागद नव्हता आणि तो टीबीही असू शकतो. तरी नऊ. ती सगळी माणसं नागपूरच्या रकान्यात बसली आहेत. आपली हवा, आपलं पाणी, सगळं स्वच्छ दिसतं, कारण आपण आपले रोगी दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर चढवले.

इथपर्यंत मी पत्र दोनदा लिहून फाडलं आहे. पुढचं दर वेळी राहून गेलं.

मंडईच्या दिवशी रुख्मा मला दंडारीच्या मंडपामागे भेटली. मी तिची माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "तुला ठाऊक होतं तर नऊ नावं लिहिली का नाहीस?"

ती म्हणाली, "सर, तुमी मले चोर समजून राहिले ना? बैठकीत मी गप काऊन होती, इचारा. नऊ नाही, दहा होत. दहावं नाव सांगू का सगळ्यायसमोर? तुमच्या मायच्या जखमेची पट्टी तीन महिने कोन बदलत होतं?"

दहावं नाव आपल्या मायचं आहे.

तुला अल्सर सांगितला होता. अल्सर नव्हता. डाव्या स्तनाचा कॅन्सर होता. २०१३ च्या मंडईच्या आठ दिवस आधी नागपूरला निदान झालं, आणि त्याच मंडईत दुर्गचे पाहुणे तुला पाहायला आले. तू तेव्हा गोंदियात खोली करून राहत होतीस, शनिवारी यायचीस, आणि माय अंगावर शाल घेऊन बसायची. फॉर्म मी भरला. काउंटरवरच्या मुलीने पत्ता विचारला तेव्हा मी क्षणभरही न थांबता मामाच्या नागपूरच्या घराचा पत्ता सांगितला. माय आयुष्यात नागपुरात सतरा दिवस राहिली. कागदावर ती नागपूरची आहे.

डॉक्टर लगेच केमो सुरू करा म्हणाले होते. माय म्हणाली, "लगनात मायच्या डोईले केस नसले तं पावने काय इचारतीन?" लग्न मेमध्ये होतं. आम्ही जूनमध्ये गेलो. सप्टेंबरात ती गेली. हे वाचून तू स्वतःला दोष देशील, अशी भीती मला अकरा वर्षं आहे. देऊ नकोस. तुला कोणी विचारलंच नव्हतं. ठरवलं तिने, आणि मान मी डोलावली. मी शिकलेला होतो. सहा महिने म्हणजे काय, हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

तेरवीला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "अल्सरनं कोणी मरते का दादा? तू मायले कुठं दाखवलंच नाही." मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचं मला पुढे कौतुक वाटायला लागलं, बघ. बहिणीचा संसार सुखाचा राहावा म्हणून भाऊ आळ सोसतो आहे, असं मी स्वतःलाच दाखवत होतो. राखीलाही हेच सांगितलं, की मायने शपथ घातली आहे.

मंडईहून परत आल्यावर ती शपथ शोधायला २०१४ ची डायरी काढली. मला तारखेसकट लिहायची सवय आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्यावरून तू मला तलाठी म्हणायचीस. शपथ कुठेच नाही. ११ जूनच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे ते जसंच्या तसं उतरवतो: "माय म्हणाली, लगन निभलं, आता निशीले सांगून टाकजो. डॉक्टर म्हणाले, पेशंटची आईही याच आजाराने गेली, म्हणून मुलीने पस्तिशीपासून दर वर्षी तपासणी करावी. निशाला कळवणे."

आजी कशाने गेली हे मामाने डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. आधी आजी, मग माय. 'कळवणे' या शब्दाखाली मी रेघ ओढली आहे. पुढच्या पानावर तो शब्द नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मायची शपथ मी कधी तयार केली, ते मला खरंच आठवत नाही. यावर विश्वास ठेव असं म्हणणार नाही. माझाच माझ्यावर नाही.

तू जानेवारीत चाळीस पूर्ण करशील. पस्तिशी होऊन पाच वर्षं झाली. यातलं एकही वर्ष तुझ्या चुकीने गेलेलं नाही.

आता हे लिहितानासुद्धा मला शंका येते की मी हे तुझ्यासाठी लिहितो आहे, की तेरवीचा आळ पुसायला. दोन्ही असेल. तू मला माफ करणं आणि तू तपासणी करणं यांतलं एकच होणार असेल, तर तपासणी कर. मॅमोग्राफी म्हणतात. दुर्गला होते, मी फोन करून विचारलं. मायच्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे, ती डॉक्टरांना दाखव आणि आजीचंही सांग. पत्त्याकडे पाहू नकोस. जावईबापूंना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सांग, असं मला वाटतं. पण मला काय वाटतं यावर चालायचं का, हेही तूच ठरव.

रुख्माला मी अजून मायचं नाव लिहू दिलेलं नाही. गावाच्या वहीत जाण्याआधी ते तुला कळायला हवं होतं. तिला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "बहिणीले आंधी सांगा. माझी वही कुठं पळून नाही चालली."

सकाळी पाकीट तयार केलं. त्यावर तुझ्या घरचा पत्ता न लिहिता शाळेचा लिहिला, तुझ्या सासूबाई टपाल फोडतात असं एकदा ऐकलं होतं म्हणून. तिकीट चिकटवलं आणि मग पत्त्याकडे पाहत बसलो. बारा वर्षांनी पुन्हा तेच करत होतो. ते पाकीट फाडलं. आता यावर फक्त तुझं नाव आहे.

मला घरात घेऊ नकोस, पाणीही विचारू नकोस. दारातच घे आणि दार लाव. मी परतीच्या गाडीने निघून जाईन. तुझ्या पोरीला लांबूनच पाहीन.

खाली 'दादा' लिहायला घेतलं होतं, ते राहू दे.

भूपेंद्र

उद्याचं काम: सकाळच्या गाडीने दुर्गला जाऊन हे पत्र निशाच्या हातात देणे.