लग्नातली उशी फेकण्याबद्दल

उम्मी,
तुझे हात कपाळाला लावून लिहिते. झालं ते असं:

१. लग्नात तू भरून दिलेली लोकरीची उशी मी न उसवता मशीनमध्ये धुतली.
२. गच्चीवर तीन दिवस वाळवली. वरून कोरडी झाली, आत ओल राहिली.
३. परवा उसवली. लोकरीच्या गाठींवर काळी बुरशी आहे.

माझी सिरीन त्याच उशीवर झोपते. तीन आठवड्यांपासून तिला धाप लागते. काल डॉक्टरांनी वाफ दिली. आज जेवली, काळजी करू नकोस.

मी तिला कापसाची उशी दिली. कामावरून परतले, तर सासूबाईंनी जुनी शिवून पुन्हा ठेवलेली. म्हणाल्या, "आईने भरलेली लोकर पिंजून वापरायची असते, पोरी. फेकणं म्हणजे आईलाच दाराबाहेर काढणं! कारखान्यात सुताची ओल मोजतेस, घरातली कळली नाही होय?"

खरंच कळली नाही, उम्मी. आता रात्रभर पोरीचा श्वास ऐकत बसते.

बाबांचे गुडघे कसे आहेत?

सासूबाई फक्त तुझंच ऐकतील. "उशी फेका" असं तुझ्या हाताने लिहून गुरुवारपर्यंत इकडे येणाऱ्या स्फॅक्सच्या टॅक्सीवाल्याकडे दे.

तुझी,
रीम