डाव्या अंगाच्या मिरच्या

२१ नोव्हेंबर १९९१

मिरच्या तोडल्या कुणीतरी! परसातल्या वाफ्यात उजव्या अंगाची झाडं लगडल्यात अन् डाव्या अंगाला एक मिरची न्हाई. पाखरं काय असा निम्मा वाफा वाटून घेतात? माणसाचंच काम आहे.

घरात आम्ही तिघं. लेक भुजंग आठवडाभर अंकुशनगरला, कारखान्यावर; शनिवारी येतो. मंग राह्यली कोण? सूनबाई, शिवकन्या!

२३ नोव्हेंबर

आज कात्री गेली. कठड्यावर डाव्या हाताशी ठेवल्ती. शिवकन्येला विचारलं तर म्हणे, "तिथंच आहे की, आत्याबाई." जाऊन पाहते तर खरंच तिथं! माझी नजर चुकवून परत आणून ठेवली. हाताची भलतीच चपळ आहे पोरगी.

२४ नोव्हेंबर

आता कळलं! जेवता जेवता भुजंग म्हणाला, "माय, मागं कोबा करून एक खोली काढू. तुझ्यानं आता बाग होत न्हाई." शिवकन्या भाकरी थापून राह्यल्ती, वर मान केली न्हाई. दोघांचं आधीच ठरलंय. बाग उजाड दिसली की म्हातारीला तोंड उघडता येणार न्हाई— असा डाव आहे!

भुजंगचे वडील गेले तेव्हा ह्याच मातीत हात घालून मी दिवस काढले. हे लिंबाचं झाड, हा कढीपत्ता, ही वांगी— सिमेंटखाली घालू? मी जिती असेपर्यंत तर बिलकुल न्हाई.

२ डिसेंबर

बादलीला अडखळून पडले. गुडघा फुटला. वाटेत बादली ठेवली कुणी? "रोज तिथंच असती," शिवकन्या म्हणे. वर आणखी, "आत्याबाई, जालन्याला डोळे दाखवून येऊ, चला ना." पोळ्यापासून हेच टुमणं लावलंय. मी एक दिवस घराबाहेर गेले की मागं कुदळी चालतील, एवढं न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे? सुईत दोरा ओवते मी. पेपर वाचते, बारीक अक्षरासकट! डोळ्याला काय धाड भरली?

असलाच तर मोतीबिंदू असंल. पिकला की काढू. सारे तसंच करतात.

५ डिसेंबर

शेजारच्या पानबाई भिंतीवरून म्हणाल्या, "द्वारकाबाई, मिरची तर लदून गेली तुमची!" टोमणा मारून राह्यल्या. ह्यांनाही वाटा पोचतो वाटतं!

८ डिसेंबर

वाफ्याजवळ पाट टाकून दिवसभर राखण केली. कुणी फिरकलं न्हाई. तरी डावी बाजू रिकामीच. अशी कशी?

९ डिसेंबर

आज राहवलं न्हाई. पानबाईंच्या देखत शिवकन्येला म्हणाले, "चोर आहेस तू. सरळ सरळ चोर!" तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं माझं मनगट धरलं, वाफ्यापाशी नेलं अन् माझा हात डाव्या अंगाच्या झाडात घातला.

मिरच्या! झुबकेच्या झुबके.

आधी वाटलं, बाजारातून आणून बांधल्या का काय हिनं! एक ओढून पाहिली. दोरा न्हाई, काही न्हाई— देठ झाडालाच. मान वळवली तर दिसल्या. सरळ पाहिलं की गेल्या. पुन्हा वळवली, पुन्हा दिसल्या. पानबाई कधी निघून गेल्या, कळलंच न्हाई.

लई भ्याले मी.

११ डिसेंबर

उद्या सकाळच्या एसटीनं जालन्याला जायचं. मीच म्हणाले. शिवकन्या "बरं" म्हणाली अन् दशम्या करायला बसली. परवापासून कामापुरतंच बोलते. मोतीबिंदूच असंल. काढला की झालं.

१२ डिसेंबर

काचबिंदू निघाला. हा पिकायची वाट पाहायची नसते म्हणे. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्यालाही धरलंय; त्याला थेंब दिलेत. गेली ती नजर परत येत न्हाई.

डॉक्टर शिवकन्येवर भडकले— "इतके महिने काय करत होता? घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडं लक्ष नको?" तिनं मान खाली घातली. "चुकलं साहेब," म्हणाली, "आमच्याच ध्यानात आलं न्हाई."

मी शेजारच्याच खुर्चीत होते. थेंबाची बाटली मुठीत धरून बसून राह्यले.