पिंजऱ्यांच्या पंगतीला तूप

परभणी,
आश्विन वद्य तृतीया

श्री. दत्तराव यांस परभणीहून किशनरावाचा मनापासून रामराम. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला उजवा म्हणाला होतात, म्हणून दोन्हींची चौकशी करतो. रेणुकावहिनींना नमस्कार सांगा, म्हैस दुसऱ्यांदा व्याली हे तुमच्या उत्तराकडून कळलं, आनंद झाला. फोन ठेवून हा माणूस पत्र का लिहीत बसला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मधेच "बरं बरं" म्हणता आणि माझं बोलणं तिथंच आटोपतं. कागद मधे बोलत नाही.

आधी तुपाचं सांगतो. दर महिन्याला तुम्ही सोनपेठच्या बसच्या कंडक्टरजवळ तुपाची बरणी देता, ती मला मिळते. एकदाही चुकली नाही. वहिनींच्या हातचं कढवलेलं, तळाशी बेरी असलेलं तूप, झाकण उघडलं की खोली भरून जाते. (एकदा झाकण सैल राहिलं आणि तिकिटाच्या मशीनला तूप लागलं. तो कंडक्टर अजून मला पाहिलं की आधी मशीन पुसतो.) उत्तरा तुम्हाला सांगत असते की मामांचं (आत्याचा नवरा आपल्याकडं मामाच) जेवण सुधारलंय, बरणी महिन्याच्या आत संपते. पोरगी खोटं बोलत नाही. बरणी संपते. पण दत्तराव, दोन वर्षांत त्यातला एक थेंबही माझ्या पोटात गेलेला नाही. आधी मी ते शेजाऱ्यांना वाटत होतो, आणि या श्रावणापासून ते उंदरांनी खाल्लं.

रागावू नका, पुरतं वाचा. मी कॉलेजात प्रयोगाच्या जनावरांचं चारापाणी करतो, एकतीस वर्षं झाली. (तुमच्या बहिणीला, अनसूयाला बघायला आलो तेव्हा "सायन्स डिपार्टमेंटला आहे" एवढंच सांगितलं होतं. पिंजरे धुतो हे तुम्हाला लग्नानंतर कळलं. त्याची माफी आता कोणत्या तोंडानं मागू?) उत्तराचा पीएच.डी.चा प्रयोग माझ्याच खोलीत लागला. सारखं तुपातुपाचं खाणाऱ्या जिवाच्या अंगात साखर आणि चरबी कशी साचते, आणि खाण्यातून रोज क्रोमियम दिलं तर त्यात काही फरक पडतो का, हे तिला बघायचं होतं. क्रोमियम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं तुमच्या जुन्या मोटारसायकलचं हँडल आलं. पहिले चार दिवस उंदरांच्या शेपट्या चमकायला लागल्या का, हेच मी बघत होतो. मग उत्तरानं समजावलं की हे धान्याडाळीतसुद्धा असतं, आणि आपण देतो ते इतकं कमी की डोळ्यांना दिसायचं नाही. त्यानं फायदा होतो असं काही जण म्हणतात, काही जण म्हणतात काहीच होत नाही. म्हणून तर करून बघायचं.

चोवीस उंदीर, आठ-आठच्या तीन रांगा. वरच्या रांगेला साधं कोरडं खाद्य. मधल्या रांगेला तूप-डालडा कालवलेलं. खालच्या रांगेला तेच, शिवाय क्रोमियम. मुदत बारा आठवडे. वजन आणि शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचं काम उत्तराचं, आणि वाढायचं काम माझं.

आता तुम्हीच सांगा. खोली एक, वाढणारा एक, वास सगळ्यांना सारखा. खालच्या दोन रांगांत मिशा तुपानं ओल्या, आणि वरचे आठ जण मागच्या पायांवर उभे राहून जाळीला नाकं लावून बघतात. आपल्याकडं पंगतीत असं कुणी वाढलं तर पाहुणे ताटावरून उठून जातील. पंक्तिप्रपंच करू नये, हे माझ्या आईनं मला पाटी हातात द्यायच्या आधी शिकवलं. उत्तराला मी एकदा तसं बोललोसुद्धा. ती हसली, म्हणाली, "मामा, पंक्तिप्रपंच हाच तर प्रयोग आहे." ते मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं लिहून सुटका करून घेणार नाही.

नागपंचमीला पहिल्यांदा हात गेला. सणाचा दिवस म्हणून घरून डबीत थोडं तूप नेलं आणि वरच्या आठांच्या खाद्यावर चमच्याच्या टोकानं सोडलं. एकच दिवस, असं ठरवलं होतं. मग पोळा आला. मग गणपती, मग महालक्ष्म्या. आपल्याकडं सण काही संपत नाहीत. पितृपक्षात तर रोज कुणाची ना कुणाची तिथी असतेच. (उंदरांचे पितर कोण, ते विचारू नका. मी वाढत गेलो.) उरलेलं खाद्य उत्तरा सकाळी तोलून घ्यायची, तिचं तोलून झालं की मी वाढायचो. यावरून माझ्या मनात काय होतं ते तुम्ही ओळखालच. वरची रांग अशी गुबगुबीत झाली की पिंजरा उघडला तरी बाहेर यायचा कंटाळा करायची. इकडं मी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं. बरणी रिकामी आणि मामा वाळलेला, हे काही उत्तराच्या हिशेबात बसेना. एक दिवस म्हणाली, "मामा, तुमीच क्रोमियम खायलाव का काय चोरून?" मी हसण्यावारी नेलं.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते तुम्हाला सांगणं भाग आहे. अनसूयाला साखर निघाली त्याला तेरा वर्षं झाली, आणि ती जाऊन येत्या मार्गशीर्षात दोन होतील. मधली अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसून जेवलो. माझ्या वरणावर तूप होतं, तिच्या वरणावर नव्हतं. डॉक्टरांनी तिचं बंद केलं होतं, माझं केलं नव्हतं, आणि डॉक्टरांचा तो शब्द मी फार इमानदारीनं पाळला. वाढायची तीच. मला दोन चमचे सोडायची, झाकण घट्ट लावायची आणि मग आपली कोरडी भाकर मोडायची. एकदा मी विचारलं, तुला बिनतुपाचं जातं कसं गं? तर म्हणाली, "तुमच्या ताटाचा वास यायलाय की. तेवढ्यावर होतंय माझं." मी हसलो. नुसता हसलो नाही, कॉलेजात चार जणांना गंमत म्हणून सांगितलं. तेही हसले. तिच्या तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी माझ्या भातावर तूप सोडलं, आणि तेव्हापासून ते माझ्या घशाखाली उतरत नाही. मला फार वाईट वाटतं, दत्तराव. ते दोन चमचे मीही बंद केले असते तर मी काही मरत नव्हतो.

तर असा हा दयाळू मामा तुमच्या पोरीच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर बसला. दसऱ्याच्या आधी प्रयोग संपला. संपला की उंदीर ठेवत नाहीत, त्यांचं काळीज काढून तपासतात. (त्या दिवशी मी रजा टाकली. कारण लिहिलं, पोटदुखी.) आकडे आले ते असे की वरची कोरडी रांग आणि मधली तुपाची रांग एकाच आईच्या पोटच्या वाटाव्यात. क्रोमियमच्या रांगेचं वजन किंचित कमी भरलं, पण ते क्रोमियममुळं, योगायोगानं, की माझ्यामुळं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. जिच्याशी ताडून बघायचं ती रांगच मी नासवली. गाईड सर म्हणाले, तुमच्या प्रयोगावरून तुपानं माणूस जाड होत नाही असं दिसतं, छान, जाहिरात करा. उत्तरानं आधी खाद्यवाल्याला दोष दिला, मग वजनकाट्याला, आणि आता स्वतःला द्यायला लागली आहे. दोन वेळा ताट तसंच सारून उठली. दिवाळीनंतर तिला कमिटीपुढं उभं राहायचं आहे. तिची मुदत एकदा वाढवून झाली आहे. ती हेच आकडे घेऊन उभी राहिली तर लोक तिला हसतील, आणि तिची काही चूक नसताना हसतील.

म्हणून विनंती अशी की ती दिवाळीला सोनपेठला आली की तुम्ही तिला हे सांगावं. तुम्ही बाप आहात, तुमच्यापुढं ती रडली तरी चालेल. माझ्यापुढं रडली तर मला बघवणार नाही. या महिनाअखेरीस मी रिटायर होतोय, त्यामुळं कॉलेजला मला काही शिक्षा करायची असेल तर घाई करावी लागेल. गुडघ्यांना जपा. वहिनींना तुपाचं सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोडतो.

तुमचा दाजी,
किशनराव

ता. क. वरची विनंती रद्द समजावी. पाकिटावर पिनकोड काय घालायचा म्हणून उत्तराला विचारायला गेलो. ती मान खाली घालून पुन्हा तेच आकडे तपासत होती. मला राहवलं नाही, पत्रच तिच्या हातात दिलं. ती उभ्यानं वाचत होती, आत्याचं आलं तिथं खाली बसली. मग डोळे पुसून एवढंच विचारलं, "चमचा कोणता होता, मामा?" मी दाखवला. तिनं त्याच्या टोकावरचं तूप तोललं, आकडा लिहिला, आणि सगळ्या सणांच्या तारखा माझ्याकडून एकेक करून वदवून घेतल्या. कमिटीला ती जे झालं ते सांगणार आहे. पुन्हा चोवीस उंदीर, पुन्हा बारा आठवडे, पण मुदत मिळाली तर. त्या खोलीची किल्ली तिनं माझ्याकडून मागून घेतली. बरोबर केलं. दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. "जेवलात का" तेवढं विचारते.

ता. क. दुसरा. खरं तर एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो. अनसूया दिवाळीला, पंचमीला माहेरी यायची, तेव्हा ती पोचायच्या आत मी तुम्हाला फोन करायचो, तिला तूप वाढू नका म्हणून. तुम्ही दर वेळी "बरं बरं" म्हणायचात. माझं न ऐकता तुम्ही तिला वाढत होतात, असं असेल तर कळवा. ऐकत होतात, असं असेल तरी वाढत होतो असंच कळवा.