डावं चालू आहे

नेरूळ, ९ डिसेंबर १९९६

प्रिय वेणूताई,
नंदूचा नमस्कार. भाऊजींची गुडघेदुखी कमी झाली असेल.

तू पाठवलेला घेवडा मिळाला. निम्मा शेजारच्या मेहरुन्निसाभाभींना दिला. एकट्याला संपत नाही.

नाकाच्या ऑपरेशनने गुण आला का, असं विचारलं आहेस. डॉक्टर म्हणतात, आला. सायनसमध्ये वाढलेलं मांस त्यांनी काढलं. तोंडावर मास्क लावून मशीनमध्ये श्वास घ्यायला लावला, त्याचा कागद निघाला. दोन्ही बाजूंनी हवा नीट जाते आहे. मी म्हटलं, साहेब, मला तर नाक भरल्यासारखंच वाटतं. ते म्हणाले, "जगदाळे, आत काहीच नाही. मी आता काय कापू?"

रबाळ्याला कारखान्यात गंगाराम म्हणतो, "याचं नाक पास झालं, हाच नापास." मीही हसतो.

दुसरे एक डॉक्टर पुन्हा ऑपरेशन करू म्हणाले आहेत. पुढच्या सोमवारी भरती व्हायचं आहे. हे तुला कळवणार नव्हतो.

पहिल्या ऑपरेशनची तारीख सगुणाने घेतली होती. मग तिला कावीळ झाली. ती गेल्यावर सगळे म्हणाले, बायको नुकती गेली आहे, तारीख पुढे ढकल. मला ढकलवली नाही. तिने रांगेत उभं राहून घेतली होती.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सकाळी ड्यूटीला निघताना मी बूट घालायला बसलो की ती माझ्या नाकाखाली हात धरायची. "डावं चालू आहे, उजवं सुस्त आहे. जा आता." एखाद्या दिवशी म्हणायची, "आज दोन्ही मोकळी." मग मलाही तसंच वाटायचं. दिवसभर नाकाची आठवण यायची नाही.

आता बूट घालून मी स्वतःच हात धरून बघतो. हाताला वारा लागतो. तरी पटत नाही.

तू शनिवारी येते आहेस. आलीस की एकदा माझ्या नाकाखाली हात धरून बघ. तू मोकळं आहे म्हणालीस, तर मी भरती होणार नाही. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस.

हात उलटा धरायचा. तळवा नाही. ती तसाच धरायची.

तुझा,
नंदू