तीन पायांचा रेडा

बॉथेल, ११ एप्रिल २००६

प्रिय पद्मिनी,

फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो, तेवढ्यात दीपाचं बाळ रडतं आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून हे पत्र. तिकडे लेकीकडे फ्रिस्कोला आता पंखे लागले असतील. इथे मी अजून स्वेटर घालून परवाचीच आमटी गरम करतोय.

काल किराणा घेताना सुट्ट्या पैशांत गेल्या वर्षीचं पाच सेंटांचं नाणं आलं. त्यावर पुन्हा तोच रानगवा, ज्याला तू रेडा म्हणतेस. १९३८ साली नाण्यावरून काढल्यावर थेट सदुसष्ट वर्षांनी सरकारला त्याची आठवण झाली! घरात शिरताच मी तुला हाक मारली. मग स्वतःचंच हसू आलं, आणि मग तेही गेलं.

चौतीस वर्षांत तुला ही नाणी कधी नीट दाखवलीच नाहीत. १९१३ साली हा गवा टेकाडावर उभा होता. टेकाडावर कोरलेली किंमत झिजायची, म्हणून त्याच वर्षी त्याला सपाट जमिनीवर आणला. पुढे १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत कुणीतरी नाणी पाडायचा ठसा जरा जास्तच घासला आणि गव्याचा पुढचा एक पाय गेला. त्या तीन पायांच्या नाण्यावर लोक जीव टाकतात. मला ते मिळायला बारा वर्षं लागली.

आणि दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, तू माझा डबा उघडून सगळी नाणी चिंच-मिठाने लख्ख घासलीस आणि तबकात मांडलीस. जुना काळपटपणा गेला की संग्राहक नाण्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे तुला कोण सांगणार होतं? यांचं एवढं लाडकं धन लक्ष्मीपुढे मळकं कसं ठेवायचं, इतकाच तुझा विचार. आणि मी फराळाला आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणालो, चौतीस वर्षांत हिला अक्कल आली नाही. तू त्यांना चकल्या वाढल्यास. पंधरा दिवसांनी दीपाच्या बाळंतपणाला गेलीस. बाळ चार महिन्यांचं झालं, तरी तू परतीच्या तिकिटाचं नाव काढत नाहीस. मीही विचारत नाही, भीती वाटते म्हणून.

टांकसाळीतल्या त्या माणसाने हलगर्जीपणाने घासलं, त्याचं मला केवढं कौतुक. तू मायेने घासलंस, तर चारचौघांत तुझा पाणउतारा. चुकलो गं. अक्कल मला नव्हती.

आता खरं सांगतो. कालच्या गव्याचे पाय मला मोजता आले नाहीत, भिंग लावूनसुद्धा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उजव्याचं ऑपरेशन पंचवीस तारखेला आहे. दीपाला बोललो नाही. डॉक्टरांच्या फॉर्मवर एक ओळ आहे: ऑपरेशननंतर तुम्हाला घरी कोण नेणार? टॅक्सी चालत नाही, ओळखीचं माणूसच लागतं. तू फ्रीवेवर गाडी चालवायला घाबरतेस, पण दवाखान्यातून आतल्या रस्त्याने हळूहळू घरी येता येईल. आठ दिवस ती ओळ कोरी होती. आज तिथे तुझं नाव लिहिलंय, तुला न विचारता. नको असेल तर सांग, खोडीन. पण दुसरं नाव माझ्याकडे नाही.

तुझाच,
मोरेश्वर